कुटुंबमेळ्यासाठी कोळंबीचा आप



या पानावर बहुधा खते, बियाणी, ताप, जुलाब यांविषयी लिहिले जाते. या वेळी आपण स्वयंपाकघरात जाऊ या. नाताळ, पुनरुत्थानाचा सण, बाप्तिस्मा, लग्नाआधीचे उंबराचे पाणी अशा प्रसंगी आपल्या घरी वीस-पंचवीस माणसे सहज जमतात. कोणी वसईच्या वाडीवरून येते, कोणी चरोतरातल्या शेतावरून. एवढ्या माणसांना मासळीचा एखादा खास पदार्थ करून घालावा, असे घरच्या बाईला वाटते. ते योग्यच आहे. परंतु त्याआधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी समुद्राकाठच्या एका धर्मग्रामात सहायक होतो. तेथील एका घरातले दोन भाऊ वाडीच्या वाटणीवरून सात वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. आजीच्या आग्रहाखातर शेवटी दोघेही एका रविवारी तिच्याकडे जेवायला येण्यास तयार झाले. मलाही बोलावणे होते. आदल्या संध्याकाळी मी सहज डोकावलो, तेव्हा ओल्या नारळातले कोळंबीचे सारण शिजून तयार होते. सुनेच्या बोटाला कापले होते. त्यावर चिंधी बांधून तिने शिजलेल्या कोळंबीच्या शेपट्या हाताने काढल्या होत्या. फ्रिज भरलेला होता, म्हणून पातेले झाकून ओट्यावरच ठेवले. सकाळी तिने ते पुन्हा चांगले उकळले आणि मला चमचाभर चाखायला देऊन विचारले, “फादर, चालेल ना?” वास चांगला होता, चवही चांगली होती. मी म्हणालो, “उत्तम आहे.”

दुपारी तीनच्या सुमारास पहिल्या मुलाला उलटी झाली. संध्याकाळपर्यंत अकरा माणसे आजारी पडली, त्यांत मीही होतो. आजीला दवाखान्यात सलाईन लावावे लागले. सर्वजण बरे झाले. पण जेवणानंतर जे बोलणे व्हायचे होते ते राहून गेले, आणि तसा योग पुन्हा आला नाही. दोन वर्षांनी आजी वारली. तिच्या अंत्यविधीला भाऊ वेगवेगळ्या बाजूंना उभे होते.

डॉक्टरांनी मला जे सांगितले तोच आजच्या पाठाचा गाभा आहे. ते म्हणाले, “सकाळी उकळल्याने जंतू मेले असतील. रात्रभरात त्यांनी केलेले विष मात्र मेले नाही. आणि त्या विषाला वास नसतो, फादर.”

आप म्हणजे काय?

आप हा गोव्यातील ख्रिस्ती घरांतला भाजलेला पदार्थ आहे. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘आप द कामारांव’ म्हणतात. कामारांव म्हणजे कोळंबी. आप हे नाव आपल्या आप्प्यांच्या आणि दक्षिणेतील अप्पमच्या कुळातले आहे. विलायती पद्धतीच्या पायमध्ये मैदा व लोण्याचे कवच असते. आपमध्ये त्याऐवजी तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे फुगवलेले पीठ असते. खाली पीठ, मध्ये आंबट-तिखट कोळंबी, वर पुन्हा पीठ, आणि मग भट्टीत भाजणे. भाजण्याची रीत पोर्तुगिजांची, पण तांदूळ, नारळ व कोळंबी आपल्या किनाऱ्याची. वसईवरही १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. त्यामुळे आपल्या वसईकरांनाही या चवी परक्या वाटणार नाहीत.

पीठ फुगविण्यासाठी गोव्यात माडाची सुर घालीत. आपल्याकडे फुग्यांच्या पिठातही पूर्वी ताडी पडत असे. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. म्हणून येथे ताडी-माडी शोधत बसू नये. बाजारात मिळणारे कोरडे यीस्ट तेच काम चोख करते.

शेतकरी कुटुंबाला आप परवडतो, हाही एक गुण आहे. वीस माणसांना कोळंबीचे कालवण पोटभर द्यायचे तर तीन-साडेतीन किलो कोळंबी लागते. आपला एक किलो पुरते, कारण पोट तांदूळ भरतो आणि चव कोळंबी देते.

कोळंबी कोठून व कशी घ्यावी?

बडोद्याचा समुद्राशी संबंध आजचा नाही. ओखामंडळचा किनारा बडोदे संस्थानाच्या ताब्यात होता. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या काळात, १९०५-०६ साली, जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाने तेथील सागरी जीवांची पाहणी केली होती. आज निजामपुऱ्यात बसून आपण जी समुद्राची मासळी खातो तिला मात्र लांबचा प्रवास करावा लागतो. वेरावळ येथून सुमारे चारशे किलोमीटर आहे. दक्षिण गुजरातेत, भरूच, सुरत, नवसारी व वलसाड जिल्ह्यांच्या खाडीभागात तलावांत वाढविलेली कोळंबीही येते. पावसाळ्यात १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तलावाची कोळंबी घेणे किंवा दुसरा बेत करणे बरे.

घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. कोळंबी बर्फाखाली असावी, बर्फावर उघडी पसरलेली नसावी. आपल्या हवेत मासळी लांब न्यायची तर जेवढी मासळी तेवढाच बर्फ लागतो.

२. डोके धडाला घट्ट असावे. ते लोंबत असेल किंवा हात लावताच सुटत असेल, तर कोळंबी जुनी आहे.

३. अंग टणक व टरफल चकचकीत असावे. बुळबुळीत लागली तर घेऊ नये.

४. वास समुद्राचा असावा. गोठ्यातल्या मुतासारखा उग्र वास आला तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, परत करावी.

घरून निघताना झाकणाचा डबा आणि थोडा बर्फ बरोबर न्यावा. बाकीचा बाजार आधी करावा, कोळंबी सर्वांत शेवटी घ्यावी. गोठवलेली कोळंबी आणली असेल तर ती ओट्यावर ठेवून वितळवू नये. रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, किंवा पिशवीसकट गार पाण्यात बुडवावी.

साहित्य (सुमारे वीस तुकड्यांसाठी)

पिठासाठी : जुना तांदूळ अर्धा किलो, मोठे नारळ २, साखर १०० ग्रॅम, कोरडे यीस्ट दीड चहाचा चमचा, मीठ १ चमचा, अंडी ४, तूप किंवा लोणी ५० ग्रॅम.

सारणासाठी : मध्यम कोळंबी १ किलो (सोलल्यावर ती साधारण निम्मी भरते), कांदे ४, टोमॅटो २, तेल, मीठ.

वाटणासाठी : सुक्या लाल मिरच्या १०, जिरे १ चमचा, मिरे ८, लवंगा ४, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, हळद अर्धा चमचा, लसूण १० पाकळ्या, आले एक इंच, हे सर्व वाटण्यापुरता सिरका (सुमारे पाव कप).

कृती

आप हा एका दिवसाचा पदार्थ आहे. आदल्या रात्री फक्त तांदूळ भिजत घालावा आणि मसाला वाटून ठेवावा. कोळंबीला त्याच दिवशी हात लावावा.

१. पीठ : रात्रभर भिजलेला तांदूळ निथळून नारळाच्या जाड दुधात बारीक वाटावा. पीठ इडलीच्या पिठाएवढे दाट असावे. कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून यीस्ट विरघळवावे. दहा मिनिटांत फेस आला पाहिजे. फेस आला नाही तर यीस्ट मेलेले आहे, नवे आणावे. फेसाळलेले यीस्ट, साखर व मीठ पिठात मिसळून दीड ते दोन तास झाकून ठेवावे. उन्हाळ्यात लवकर फुगते. अंडी या वेळी घालू नयेत.

२. कोळंबी : पीठ फुगेपर्यंत कोळंबी सोलावी आणि पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढावा. थोडी थोडी सोलून बर्फात ठेवलेल्या भांड्यात टाकीत जावे. सगळी परात दीड तास उघडी ठेवू नये. पाच-सहा मोठ्या कोळंब्या वर लावण्यासाठी अख्ख्या ठेवाव्यात.

३. सारण : तेलात बारीक चिरलेला कांदा तांबूस परतावा. त्यावर वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे, मग टोमॅटो घालून आटवावे. शेवटी कोळंबी व मीठ घालावे. चार-पाच मिनिटांत कोळंबी वळून पांढरी-केशरी होते आणि आरपार दिसेनाशी होते. ती शिजल्याची खूण हीच. अधिक शिजविल्यास रबरासारखी होते. अख्ख्या कोळंब्याही याच वेळी शिजवून बाजूला काढाव्यात. सारणात रस राहता कामा नये. रस राहिला तर खालचे पीठ कच्चे राहते, आणि बहुतेकींचा आप बिघडतो तो येथेच.

४. गार करणे : सारण पातेल्यात झाकून ठेवू नये. स्वच्छ परातीत पातळ पसरावे, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत निवते. खोल पातेल्यात तेच सारण मधोमध तासन्‌तास कोमट राहते, आणि जंतूंना कोमटच लागते. ढवळण्यासाठी व पसरण्यासाठी चमचा वापरावा, हात नाही.

५. भाजणे : अंड्यातील पिवळे बलक आणि वितळवलेले तूप पिठात मिसळावे. (थोडे बलक वर लावण्यासाठी राखावे.) पांढरे फेसून हलक्या हाताने त्यात मिसळावे. सुमारे २५ सेंटिमीटर रुंद व ७ सेंटिमीटर खोल गोल साच्याला तूप लावून अर्धे पीठ ओतावे. १८० अंश सेल्सिअसवर आधीच तापलेल्या भट्टीत पंधरा मिनिटे ठेवावे. वर साय धरल्यासारखी झाली की बाहेर काढावे, म्हणजे सारण तळाशी बुडणार नाही. कडेला दोन बोटे जागा सोडून सारण पसरावे, वर उरलेले पीठ ओतावे. त्यावर राखलेले बलक लावून अख्ख्या कोळंब्या मांडाव्यात. पुन्हा चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजावे. मधोमध खुपसलेली सुरी स्वच्छ बाहेर आली पाहिजे. कच्ची अंडी व पीठ पोटात जाणे बरे नव्हे, म्हणून या परीक्षेत सवलत देऊ नये.

६. भाजल्यावर अर्धा तास थांबावे, मग कापावे. गरम असतानाच कापल्यास तुकडे मोडतात.

भट्टी नसेल तर

जुन्या काळी गोव्यात कोणाकडे विजेची भट्टी होती? खाली मंद विस्तव आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवून भाजीत. मळ्यातल्या घरी आजही तसे करता येते. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे कोरडी रेती पसरावी. त्यावर तिवई ठेवून साचा ठेवावा. सपाट झाकण लावून वर निखारे पसरावेत. रेती आधी पंधरा मिनिटे तापू द्यावी. वरचे निखारे खालच्या विस्तवापेक्षा अधिक असावेत, नाहीतर तळ करपतो आणि वरचे पांढरे राहते. वेळ भट्टीपेक्षा थोडा अधिक लागतो. चूल उघड्यावर किंवा हवेशीर पडवीत मांडावी. बंद खोलीत निखाऱ्यांचा धूर जीव घेतो.

दोन तासांचा नियम

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अन्नातील बहुतेक रोगजंतू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. म्हणून शिजलेले अन्न या मधल्या उष्णतेत दोन तासांहून अधिक ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याजवळ एकच तास आहे, असे धरून चालावे.

जंतू दोन वाटांनी येतात. काही कोळंबीबरोबर समुद्रातूनच येतात. १९५० साली जपानमध्ये ओसाका भागात बारीक मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि २० दगावली. त्या वेळी फुजिनो या शास्त्रज्ञाने समुद्रातील एक जंतू प्रथम शोधून काढला. हा जंतू नीट शिजविल्याने मरतो. पण कच्च्या कोळंबीची सुरी व पाट न धुता त्यावरच कांदा-काकडीची कोशिंबीर चिरली, तर तो कोशिंबिरीतून पोटात जातो. म्हणून कच्च्यासाठी वेगळी सुरी ठेवावी, किंवा साबणाने धुऊनच तीच पुन्हा वापरावी.

दुसरी वाट आपल्या हातांची. नाकात, फोडांत, कापलेल्या जागी असलेले जंतू शिजलेल्या अन्नात पडतात आणि कोमट जागी वाढून विष तयार करतात. हे विष उकळल्याने नाहीसे होत नाही. त्या आजीच्या घरी झाले ते हेच. सून निष्काळजी नव्हती. तिने सकाळी उकळले होते, कारण तिच्या आईने तिला तसेच शिकविले होते. चूक झाली ती रात्रीची. आणि “उत्तम आहे” म्हणणारा मी तर चार पुस्तके शिकलेला होतो. तेव्हा कोणी चाखून दिलेला निर्वाळा प्रमाण मानू नये, मग तो फादरचा का असेना. घड्याळ प्रमाण मानावे.

व्यवहारात असे करावे : जेवण एक वाजता असेल तर आप बाराच्या सुमारास भट्टीतून निघेल असा हिशेब धरावा. ज्याच्या हाताला जखम किंवा फोड आहे, ज्याला जुलाब होत आहेत, त्याने त्या दिवशी ताटे मांडावीत, पाणी भरावे, स्वयंपाकाला हात लावू नये. पाहुणे उशिरा येणार असतील तर त्यांचा वाटा आधीच कापून फ्रिजमध्ये ठेवावा आणि वाढताना आतपर्यंत वाफ निघेल इतका गरम करावा. उरलेला आप दुसऱ्या दिवशी संपवावा. दिवसभर टेबलावर राहिलेला तुकडा कोणाला डब्यात बांधून देऊ नये. मायेने दिलेला तोच डबा बसमध्ये पाच तास तापत जातो.

कोणाला जपावे?

कोळंबी हे चांगले अन्न आहे. सोललेल्या १०० ग्रॅम कोळंबीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी अगदी थोडी. तरीही काहींना ती मुळीच सोसत नाही. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, दम लागणे ही लक्षणे दिसतात. हा दोष कितीही शिजविले तरी जात नाही. म्हणून नव्या सुनेला, जावयाला, पाहुण्यांच्या मुलांना आधी विचारावे आणि त्यांच्यासाठी वेगळ्या साच्यात बटाट्याचे सारण घालून छोटा आप करावा. श्वास कोंडू लागला तर घरगुती उपाय करीत बसू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर शरीरातील पाणी जाऊ देऊ नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती. सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साखर-मिठाच्या पाण्यावर असंख्य जीव वाचविले. लहान मूल, वृद्ध, गरोदर बाई यांना, तसेच शौचातून रक्त पडल्यास, लघवी बंद झाल्यास किंवा ग्लानी आल्यास डॉक्टरांकडे नेण्यास क्षणाचाही उशीर करू नये.

टरफले फेकू नका

एक किलो कोळंबीतून सुमारे अर्धा किलो डोकी व टरफले निघतात. ती उकिरड्यावर टाकल्यास कुत्री, माश्या आणि शेजाऱ्यांची तक्रार एवढेच मिळते. त्यांत नत्र व चुना असतो. कोकणात नारळाला मासळीचे खत घालण्याची रीत जुनीच आहे. कंपोस्टच्या खड्ड्यात मध्यभागी टरफले टाकून वर हातभर सुका पाला व माती घालावी. किंवा केळी, नारळ, लिंबू यांच्या आळ्यात बुंध्यापासून दूर हातभर खोल पुरावीत. वर जड दगड ठेवावा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

शेवटी एवढेच. कुटुंबमेळा पदार्थासाठी भरत नाही. जी माणसे एरवी एकत्र बसत नाहीत, ती तासभर एका ताटाभोवती बसतात आणि त्या तासात पुष्कळ काही मिटू शकते. तो तास जपण्यासाठी घरच्या बाईने पहाटे उठावे हे खरे. पण नारळ खवायला, कोळंबी सोलायला आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायला घरच्या पुरुषांनीही बसावे.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरी सणाच्या दिवशी शिजलेले अन्न किती वेळ ओट्यावर राहते? एकदा घड्याळ लावून पाहिले आहे का?

२. वास व चव चांगली असूनही अन्न घातक का असू शकते?

३. पाहुण्यांपैकी कोणाला कोळंबी सोसत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे का?

४. येत्या सणाला कोणाला बोलवायचे राहून गेले आहे?